पडद्यामागचे घर : चित्रपटाच्या नेपथ्यरचनेचे शिक्षण आणि संशोधन

बेळगावहून खानापूरच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात पिरनवाडी येते. दिवाळी जवळ आली म्हणजे या साऱ्या भागातील मुले अंगणात किल्ला उभारण्यात गढून गेलेली दिसतात. खाली विटा-दगडांचा ढीग, त्यावर ओले पोते, पोत्यावर कालवलेली लाल माती, मातीत विखुरलेली मोहरी. बुरूज होतात, दरवाजा होतो, तळ्यासाठी थाळी पुरली जाते. मग अडचण येते ती मावळ्यांची. सिंहासनावरील महाराज वीतभर उंच, पहारेकरी बोटाएवढा आणि तोफ मात्र दोघांहून मोठी! एखादा चाणाक्ष मुलगा लहान मावळे वरच्या बुरुजावर नेतो व मोठे खाली पायथ्याशी आणतो. किल्ला एकदम उंच भासू लागतो. त्या मुलाला ठाऊक नसते, परंतु त्याने जे केले ते चित्रपटाच्या शाळेत रीतसर शिकविले जाते.

वैशाखात बेळगावची शिवजयंती येते. रात्रभर चालणाऱ्या चित्ररथांच्या मिरवणुकीसाठी सुतार, रंगारी, गवंडी आणि विजेचे काम जाणणारे तरुण यांचे हात आधीपासूनच कामाला लागलेले असतात. बांबू, गोणपाट, प्लायवूड आणि रंग यांतून राजदरबार उभा राहतो व मिरवणूक संपताच मोडला जातो. ही कला या मुलखाच्या अंगवळणी पडलेली आहे. तिच्यावर पोट भरता येते, तिचा अभ्यासक्रम असतो आणि तिच्यावर संशोधनही होते, ही गोष्ट मात्र फार थोड्या घरांपर्यंत पोहोचलेली आहे. सिनेमा म्हटले की नट, नटी आणि फार तर दिग्दर्शक इतकीच नावे गावात घेतली जातात.

चित्रपटातील घर, गल्ली, बाजार, तुरुंग, राजवाडा, त्यांतील भांडीकुंडी, भिंतीचा रंग, दारावरची पाटी या सर्वांचा एकत्रित विचार करून तो प्रत्यक्षात उतरविणाऱ्यास आपल्याकडे बराच काळ कलादिग्दर्शक म्हणत आले. आता प्रॉडक्शन डिझायनर हा शब्द रूढ झाला आहे. तो प्रथम वापरला गेला अमेरिकेत, १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाच्या वेळी. विल्यम कॅमेरन मेंझीस या रेखाटनकाराने चित्रपटातील प्रसंगांची चित्रे आधीच काढून साऱ्या चित्रपटाचे रूप निश्चित केले होते. त्यांच्या या कामाला ‘कलादिग्दर्शन’ हा शब्द अपुरा वाटल्याने नवे नाव योजण्यात आले. नाव अमेरिकेतून आले. काम मात्र कोल्हापुरात त्याआधी वीस वर्षे चालू होते.

कोल्हापूरचे मेस्त्री

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० मध्ये कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्या काळी नाटकाचे सारे जग पडद्यावर असे : जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा. सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूर येथे जन्मलेले अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून संगीत नाटकाचा थाट वाढत गेला आणि त्याबरोबर पडदे रंगविणाऱ्यांचा मानही वाढला. बाबूराव व आनंदराव यांना लोकांनी ‘पेंटर’ हेच आडनाव देऊन टाकले.

दोघा भावांना चलच्चित्राचे वेड लागले. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून तो घरीच घडवावयाचा असे त्यांनी ठरविले. काम अर्धे झाले असता १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने तो कॅमेरा पुरा केला आणि तानीबाई कागलकर या गायिकेच्या आर्थिक साहाय्याने ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. १९२० मध्ये कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, ती या चित्रपटाच्या निमित्ताने.

अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्यांचे पोट पडदे रंगविण्यावर चालत होते, त्या बाबूरावांनीच चित्रपटातून रंगविलेला पडदा काढून टाकला. त्यांनी भरीव, तीन मितींचे नेपथ्य बांधावयास घेतले. खांब म्हणजे खरा उभा खांब. त्यामागून पात्र चालत येऊ शकेल असा. असे का केले असेल? नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसलेला असतो. त्याच्या डोळ्याला एकदा फसविले की अंक संपेपर्यंत तो फसलेलाच राहतो. कॅमेरा मात्र जागा बदलतो. तो दोन पावले डावीकडे सरकला की कापडावरील खांब कापडच राहतो. त्याच्या मागची भिंत त्याच्या आडून बाहेर येत नाही. कागदावर न शिकता, केवळ कामातून हा धडा कोल्हापूरच्या या मेस्त्रींनी घेतला. गंमत अशी की त्याच १९२० साली जर्मनीत ‘डॉ. कॅलिगरी’ हा चित्रपट निघाला आणि तेथील चित्रकारांनी वेड्याच्या मनातील जग दाखविण्यासाठी मुद्दाम वाकडीतिकडी रंगविलेली कापडे वापरली. एकीकडे पडदा खोटा म्हणून टाकला गेला, तर दुसरीकडे तो खोटा आहे म्हणूनच हवासा झाला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते.

बाबूराव चित्रीकरणाआधी पोशाख, पात्रांच्या हालचाली आणि प्रसंग यांची रेखाटने करीत. १९२३ च्या ‘सिंहगड’ मध्ये त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. या चित्रपटाला उसळलेली गर्दी पाहूनच मुंबई सरकारला करमणूक कर सुचला, असे सांगितले जाते. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ मध्ये राजवाडा गेला आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची झोपडी आली. त्यातील तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे यांनी, म्हणजेच पुढच्या व्ही. शांताराम यांनी केली होती. झोपडी उभारणे राजवाड्याहून अवघड असते, असे या क्षेत्रातील जाणकार मानतात. राजवाडा कोणी पाहिलेला नसतो. झोपडीतील चूक मात्र प्रत्येक प्रेक्षकाला दिसते.

महाराष्ट्र फिल्म कंपनीतूनच १९२९ मध्ये ‘प्रभात’ निघाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे संस्थापक. यांतील शेख फत्तेलाल कागलचे. निपाणीहून कोल्हापूरला जाताना महामार्गावर लागते तेच हे कागल. सहकाऱ्यांत ‘साहेबमामा’ म्हणून ओळखले जाणारे फत्तेलाल प्रभातच्या नेपथ्याचे सूत्रधार होते. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास गेली. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ ची १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. त्यातील तुकोबांचे घर आजही पाहावे. भिंत उजळ नाही, भांडी मोजकी आहेत, आणि आवलीचा सारा संताप त्या मोजक्या भांड्यांतून ऐकू येतो. संवादाने न सांगितलेले दारिद्र्य नेपथ्याने सांगितले आहे.

कारखान्याची शाळा झाली

प्रभात बंद पडल्यानंतर तिच्या पुण्यातील आवारात केंद्र शासनाने १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. आज ती फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या नावाने ओळखली जाते. प्रभातचा भव्य चित्रीकरण-मंच तेथे विद्यार्थ्यांच्या उपयोगात आला. ज्या जमिनीवर फत्तेलालांचे सुतार राबले, तिच्यावरच पुढच्या पिढ्यांनी कलादिग्दर्शन व प्रॉडक्शन डिझाईन यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा केला. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची अशीच केंद्रीय संस्था १९९५ मध्ये निघाली. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचा या व्यवसायाशी संबंध तर त्याहून जुना आहे. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. आणि त्याच शाळेत अध्यापन केलेले चित्रकार एम. आर. आचरेकर यांनी १९५१ च्या ‘आवारा’ मधील स्वप्नदृश्याचे नेपथ्य उभे केले. पुढच्या काळात नितीन चंद्रकांत देसाई यांनी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘लगान’, ‘देवदास’ आदी चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविले. ‘लगान’ मधील चंपानेर हे गाव कच्छमधील भूजजवळ उभारलेले होते. २०२३ मध्ये देसाई यांचे निधन झाले.

या अभ्यासक्रमात काय शिकवितात? आरंभ पेन्सिलीपासून होतो. यथार्थदर्शन, म्हणजे दूरची वस्तू लहान का व किती लहान दिसते याचे गणित, हा पाया. त्यानंतर जमिनीचा आराखडा, दर्शनी बाजूचा आराखडा आणि मापाची प्रतिकृती. पाव इंचाला एक फूट हे प्रमाण घेतले तर प्रत्यक्षाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचे घर टेबलावर उभे राहते. मग भिंगांचा अभ्यास येतो. रुंद कोनाचे भिंग लहान खोली मोठी दाखविते, लांब पल्ल्याचे भिंग दूरचा डोंगर पात्राच्या पाठीला आणून चिकटविते. कोणते भिंग लावणार हे माहीत नसता भिंत किती लांब बांधावी हे ठरविता येत नाही. ज्या बाजूला कॅमेरा पाहणारच नाही ती बाजू बांधणे म्हणजे निर्मात्याचा पैसा मातीत घालणे होय.

साहित्याचा धडा प्रत्यक्ष हाताने घ्यावयाचा असतो. लाकडी चौकटीवर प्लायवूड ठोकून भिंत होते. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये काथ्या घालून साच्यातून दगडी कमान निघते, आणि ती दोन माणसे सहज उचलतात. सर्वांत नाजूक काम म्हणजे वस्तूला वय देणे. नवी भिंत जुनी करावयाची तर पाणी कोठून झिरपते, पाठ टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याच्या तेलाचे डाग किती उंचीवर पडतात, चुलीचा धूर कोणत्या बाजूला जातो हे कळावे लागते. हे ज्ञान पुस्तकात नसते. खेड्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला ते आपसूक असते, आणि शहरातील विद्यार्थ्याला ते वहीत टिपून घ्यावे लागते.

विज्ञानाच्या शिक्षकांना रुचेल असे एक उदाहरण येथे देणे योग्य ठरेल. धरण फुटण्याचा प्रसंग लहान प्रतिकृतीवर चित्रित केला तर पाणी खेळण्यातल्यासारखे दिसते. कारण लहान उंचीवरून पडणारे पाणी फार लवकर खाली येते. पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून प्रतिकृती सोळाव्या हिश्शाची असेल, तर सोळाचे वर्गमूळ जे चार, त्या पटीने कॅमेरा वेगाने चालवावा लागतो. सेकंदाला २४ चित्रांऐवजी ९६ चित्रे घ्यावयाची व ती नेहमीच्या २४ च्या गतीने दाखवावयाची. पाण्याला वजन येते.

पिरनवाडीचे घर उभारावयाचे असेल तर

संशोधन हा शब्द ऐकला की प्रयोगशाळा आठवते. नेपथ्यकाराची प्रयोगशाळा म्हणजे गावातले जुने घर. समजा, १९५५ सालच्या पिरनवाडीतील एका शेतकरी कुटुंबाची कथा कोल्हापूरजवळच्या मोरेवाडीच्या चित्रनगरीत चित्रित करावयाची आहे. प्रथम घर मापावे लागेल. सोप्याची रुंदी, माजघराच्या दाराची उंची, उंबरा, देवळी, परड्याकडील दार. जुन्या दारातून आत येताना मनुष्य वाकतो. नेपथ्यात दार उंच केले की नट वाकत नाही, आणि घर खोटे ठरते. नंतर जमिनीचा रंग. येथील माती लाल; सारवलेल्या जमिनीलाही तिची छटा येते. पुण्याकडचा सुतार सवयीने ती करडी करील.

यापुढे कालाचा प्रश्न येतो आणि तेथे खरी कसोटी लागते. १९५५ मध्ये बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. म्हणजे गावच्या चावडीवरील पाटी, कचेरीतील कागदावरील शिक्का, रस्त्यावरून जाणारी एस.टी. या प्रत्येक गोष्टीवर कोणत्या राज्याचे नाव आणि कोणत्या लिपीतील अक्षर असावे, हे सालाप्रमाणे बदलते. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा ज्या गावात नांदतात तेथे दुकानाच्या पाटीवर काय लिहिले होते, हे अंदाजाने ठरवून चालत नाही. जुनी छायाचित्रे, लग्नपत्रिका, दुकानांच्या चोपड्या पाहाव्या लागतात आणि वृद्धांना विचारावे लागते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून चलनात आली. तेव्हा वाण्याच्या गल्ल्यात आणे-पैच हव्यात. तराजूत किलोचे वजन दिसता कामा नये, आणि मैलाच्या दगडावर किलोमीटर कोरलेले असू नयेत. शुल्लक वाटणारी ही चूक पडद्यावर वीस फूट रुंद होऊन दिसते. आणि सीमाभागातील प्रेक्षक अशा बाबतीत फार काटेकोर असतो हे कोणासही मान्य व्हावे.

ज्या चित्रपटांवर संशोधन करावयाचे ते चित्रपटच हाती नसणे ही दुसरी अडचण होय. ‘सैरंध्री’ आज पाहावयास मिळत नाही. मूक जमान्यातील बहुसंख्य चित्रपटांची तीच गत झाली आहे. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते आणि न पेटली तरी कालांतराने तिची भुकटी होते. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोपर्यंत बरेच काही नाहीसे झालेले होते. जे उरले त्यातीलही प्रभातच्या काही चित्रपटांची मूळ रिळे जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील साठवणगृहाला लागलेल्या आगीत जळाली. म्हणून बाबूराव पेंटर यांच्या नेपथ्याचा अभ्यास करणाऱ्यास स्थिरचित्रे, जाहिराती, चित्रपुस्तिका आणि त्यांनीच रंगविलेली भित्तिपत्रके यांवर विसंबावे लागते. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव भागातील जुन्या घरांच्या माळ्यावरील ट्रंकांत अशी एखादी पुस्तिका असणे अशक्य नाही. रद्दीत घालण्यापूर्वी ती एकदा उलगडून पाहिली जावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

पडदा परत आला

बाबूरावांनी हद्दपार केलेला पडदा शंभर वर्षांनी निराळ्या रूपाने परत आला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मँडलोरियन’ या अमेरिकन मालिकेसाठी वीस फूट उंचीची, अर्धवर्तुळाहून अधिक वळलेली दिव्यांची भिंत उभारण्यात आली. तिच्या आतील जागेचा व्यास ७५ फूट होता. लक्षावधी सूक्ष्म दिव्यांच्या या भिंतीवर वाळवंट किंवा डोंगर दिसतो व पुढे नट काम करतात. हे नुसते मोठे दूरदर्शनच, असे कोणी म्हणेल. परंतु कॅमेरा कोठे आहे हे यंत्रास क्षणोक्षणी कळत असते, आणि कॅमेरा दोन पावले सरकला की भिंतीवरील डोंगरही त्या हिशेबाने सरकतो; कॅमेऱ्याला जवळचा खडक अधिक, दूरचे शिखर कमी सरकलेले दिसते. कापडावरील खांबाला जे जमत नव्हते ते या पडद्याला जमते. शिवाय भिंतीवरील सूर्यास्ताचा प्रकाश नटाच्या चेहऱ्यावर खरोखरच पडतो.

डोळ्यांवर चढविण्याच्या यंत्राचाही अभ्यासक्रमांत शिरकाव झाला आहे. त्याचे तत्त्व जुनेच आहे. आपले दोन डोळे एकाच वस्तूकडे किंचित निरनिराळ्या कोनांतून पाहतात आणि मेंदू त्या दोन चित्रांवरून खोली ठरवितो. यंत्र प्रत्येक डोळ्याला त्याचे त्याचे चित्र पुरविते व मान वळेल तसे ते बदलते. त्यामुळे न बांधलेल्या वाड्यात दिग्दर्शकाला फिरून येता येते, आणि खांब आड येतो की नाही हे एकही खिळा ठोकण्यापूर्वी कळते. या व अशा विद्यांसाठी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी ही संस्था २०२५ मध्ये सुरू झाली.

या नव्या साधनांमुळे सुताराचे काम संपेल अशी भीती व्यक्त केली जाते. ती सर्वस्वी निराधार नाही. छापील फ्लेक्सचे फलक आले तेव्हा गावोगावच्या पाट्या रंगविणाऱ्यांचे हात रिकामे झाले. हे आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. तथापि नट ज्या जमिनीवर चालतो, ज्या दाराची कडी काढतो, ज्या चुलीपुढे बसतो ते अद्याप खरेच बांधावे लागते, आणि त्याचा रंग मागच्या भिंतीवरील चित्राशी जुळवून घ्यावा लागतो. जुळवून घेणारी नजर यंत्र पुरवीत नाही. अडचण आहे ती दाराशी. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कलाविषयक पदवीची अपेक्षा असते, प्रवेशपरीक्षा असते आणि पुण्या-मुंबईचा खर्च असतो. पिरनवाडीच्या सुताराचा मुलगा चित्ररथावर उत्तम कमान उभारीत असला तरी दहावीनंतर चित्रकलेच्या शिक्षणाकडे वळला नाही, तर ते दार त्याच्यासाठी बंदच राहते. कोल्हापूर किंवा धारवाड येथे कलाशिक्षणाची सोय आहे, हे त्याला आठवी-नववीतच कोणी तरी सांगावयास हवे. बहुतेक वेळा हे सांगणारा एकच मनुष्य गावात असतो : चित्रकलेचा शिक्षक. आणि पुष्कळ शाळांत तो तासच परीक्षेच्या तयारीसाठी घेतला जातो.

यंत्रांवाचून करता येण्याजोगा एक पाठ शाळांना सुचविता येईल. सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांचे चार-चारांचे गट करावेत. प्रत्येक गटाने गावातील एक जुने घर, मालकांच्या परवानगीने, टेपने मापावे आणि आलेखाच्या कागदावर एका फुटाला अर्धा सेंटिमीटर या प्रमाणाने त्याचा आराखडा काढावा. दारे, खिडक्या, देवळ्या, चुलीची जागा त्यात दाखवावी. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, कोणती भिंत केव्हा बांधली व कौले केव्हा चढविली, याची सालासह नोंद करावी. मग जाड पुठ्ठ्याची प्रतिकृती करावी, पण समोरची भिंत मोकळी ठेवावी. कागदात बोटाएवढी चौकट कापून तिच्यातून एका डोळ्याने प्रतिकृतीकडे निरनिराळ्या उंचीवरून पाहावे आणि घर कोठून मोठे, कोठून कोंदट, कोठून ओकेबोके दिसते ते लिहून काढावे. शिक्षकांकडे साधा मोबाईल असल्यास त्याच घराभोवती फिरून, प्रत्येक छायाचित्राचा अर्ध्याहून अधिक भाग पुढच्यात येईल अशी साठ-सत्तर छायाचित्रे घ्यावीत. अशा छायाचित्रांवरून संगणकास घराची त्रिमितीय प्रतिमा रचता येते. काच आणि पाणी यांच्यापाशी ती फसते, हेही विद्यार्थ्यांना दिसू द्यावे. आराखड्यांवर घराचे नाव, तारीख आणि मापणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सह्या घालून ते शाळेच्या कपाटात ठेवावेत. पिरनवाडीसारख्या वाढत्या गावात जुनी घरे पाडून तेथे सिमेंटची घरे उठत आहेत; मापण्याचे काम येत्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी हाती घेतलेले बरे.